सशाचं दूध

कोल्हापुरात दुधाबद्दल कुणाला काही शिकवायला जाऊ नये. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला उभ्या उभ्याच रिकामा होतो. अशा गावात, तरुणपणी चार मैदानं मारलेल्या एका आजोबांना मी सांगितलं की तुमच्या नातवाला झालेल्या पॉम्पे या स्नायूंच्या आजारावर जे औषध पहिल्यांदा खरोखर लागू पडलं, ते सशाच्या दुधातून काढलेलं होतं.

आबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग सुनेकडं वळून म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी आज लई पेशंट बगितल्यात जनू."

पण खोटं नव्हतं ते. हॉलंडमध्ये सशांमध्ये माणसाचा एक जनुक घातला होता, अशा बेतानं की सशिणीच्या दुधात माणसाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, उतरावं. ते दुधातून वेगळं काढून, शुद्ध करून, १९९९ साली रॉटरडॅमच्या रुग्णालयात चार तान्ह्या बाळांना शिरेतून दिलं. त्याच सुमारास तीन मोठ्या रुग्णांनाही दिलं. वयं ११, १६ आणि ३२. तिघंही व्हीलचेअरवर. तीन वर्षांच्या औषधानंतरची त्यांची हकीकत २००४ मध्ये छापून आली. तिघांचाही थकवा कमी झाला होता, श्वासाची घसरण थांबली होती. पण खुर्ची सोडून आपल्या पायांनी चालायला लागला तो एकटा अकरा वर्षांचा मुलगा. तिघांत तोच सगळ्यात लहान, आणि स्नायूही त्याचेच सगळ्यात कमी खराब झालेले.

हे मी सांगत होते तोवर पोराचा बाप गप्प होता. तो गावच्या दूध संस्थेत सेक्रेटरी. शेवटी त्यानं विचारलं, "म्याडम, सशाच्या दुधाला फॅट किती लागत असंल ओ?" आणि त्या खोलीत कितीतरी दिवसांनी सगळे हसले.

पुढं सशांवर भागेना. जगाला पुरेल एवढं विकर दुधातून काढणं अवघड, म्हणून मग ते चिनी हॅमस्टरच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून बनवायला लागले आणि २००६ मध्ये युरोप-अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. हॅमस्टर म्हणजे उंदराच्या जातीचाच प्राणी, हे कळल्यावर आबांनी त्या विषयातून अंग काढून घेतलं. ससा एक वेळ चालला असता.

मी फिजिओथेरपिस्ट. राजारामपुरीत माझं लहानसं क्लिनिक आहे. येणारी माणसं गुडघ्याची, कंबरेची, खांदा धरलेली, अर्धांगातून उठलेली. लहान मुलं कमी. हा पोरगा नऊ वर्षांचा असताना आला तेव्हा हातात फाइल होती ती जाडजूड, आणि तिच्यातली पहिली दोन वर्षं यकृताची होती.

ते कसं, तर हे असं. पोरगं शाळेत पळताना मागं राहायचं. पीटीच्या सरांनी "आळशी" हा शिक्का मारला होता. एसटीच्या पायरीवर चढताना दांडा धरून अंग वर ओढून घ्यायचं. जोतिबाला गेले तेव्हा पायऱ्यांवर मधेच बसलं आणि "पाय दुखत न्हाईत, पण चालंना" असं म्हणालं. कुणीतरी रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले. हे दोन आकडे वाढले की डोळे आधी यकृताकडं जातात. झालं, काविळीचं झाडपाल्याचं औषध, तेल-तूप बंद, उसाचा रस, पुन्हा रक्त, पुन्हा तेच. ही दोन्ही विकरं स्नायूंतही असतात, स्नायू झिजायला लागला की तिथूनही रक्तात उतरतात. शेजारी सीपीके नावाची आणखी एक तपासणी केली असती तर बोट बरोबर जागेवर पडलं असतं. ती झाली दोन वर्षांनी. मग एका ठिकाणी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार, असं सांगितलं आणि "यावर काही नसतं" असंही सांगितलं. आईनं त्यानंतर सहा महिने कुठलाच डॉक्टर दाखवला नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. काही नसतं म्हटल्यावर माणूस कशाला जाईल?

शेवटी पुण्याच्या एका बालमेंदूतज्ज्ञांनी जाडसर कागदावर रक्ताचे चार ठिपके घेतले, वाळवले आणि पाठवून दिले. एवढ्याशा ठिपक्यांवरून कळतं. आम्ल अल्फा ग्लुकोसिडेज हे विकर जवळपास नव्हतंच. नंतर जनुकाची तपासणी झाली आणि नाव नक्की झालं: पॉम्पे.

आपण खातो त्यातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत गेलेलं ग्लायकोजेन फोडून बाहेर सोडायचं काम या एका विकराचं. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांनी भरलेल्या गाड्या येतच राहाव्यात, गोदामात माल उतरतच राहावा, पण तो पुढं हलवणारा हमालच नसावा, तसं होतं. गोदाम फुगतं, शेवटी भिंत जाते. स्नायूची पेशी अशीच आतून फुटत जाते. गोड बंद केलं तर बरं होईल का, हे गावात प्रत्येकानं विचारलं आणि निम्म्यांनी न विचारताच पोराचा गूळ-शेंगदाणे बंद करायला लावले. त्याचा उपयोग नाही. ग्लायकोजेन शरीर स्वतःच तयार करतं. पोराचा तोंडचा गूळ तेवढा गेला.

ज्यांच्या नावानं हा आजार ओळखतात ते योहानेस पॉम्पे हे डच विकृतिशास्त्रज्ञ. सात महिन्यांच्या एका मृत मुलीचं प्रचंड वाढलेलं हृदय त्यांनी तपासलं, त्यात साठलेलं ग्लायकोजेन ओळखलं आणि १९३२ साली ते छापलं. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून चोरटा रेडिओ ट्रान्समीटर चालायचा. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, त्यांना गोळ्या घातल्या. नेमकं कुठलं विकर कमी पडतं हे बेल्जियमच्या अन्री-जेरी एर्स यांनी शोधलं ते १९६३ मध्ये. तोवर लायसोसोम म्हणजे काय हेच माहीत होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती.

त्या सात महिन्यांच्या मुलीचा आजार आणि आमच्या पोराचा आजार, नाव एकच. तान्ह्या बाळांत तो आला की हृदय फुगतं, अंग कापडाच्या बाहुलीगत लुळं पडतं आणि औषधाविना बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. औषध आल्यावर काय झालं ते २००७ च्या अभ्यासात दिसतं: सहा महिन्यांच्या आत औषध सुरू केलेली अठरा बाळं, अठराच्या अठरा दीड वर्षांची झाली. मला हा आकडा वाचताना अजून काटा येतो. पण त्यातली जी वाचली, ती वाढली, आणि आजाराचा कुणी कधी न पाहिलेला पुढचा भाग दिसायला लागला. पापण्या जड, बोलणं नाकातून, काहींना कमी ऐकू येणं. औषध रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्यामुळं काहींच्या मेंदूच्या एमआरआयमध्येही बदल दिसायला लागले. पूर्वी हे कुणाला माहीत नव्हतं, कारण तिथंपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

आमच्या पोराचं हृदय ठीक आहे. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचा प्रकार "उशिरा सुरू होणारा" आणि याच कप्प्यात पंचेचाळीस-पन्नास वर्षांची माणसंही बसतात. मला ही वाटणी कधी पटली नाही. सातव्या वर्षी एसटीची पायरी चढता न येणं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी न येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोराची उंची वाढायची आहे, पाठीचा कणा सरळ राहायचा आहे, वजन वाढत जाणार आहे आणि ते वजन उचलायला स्नायू मात्र तेवढेच. मोठ्यांवरचा गाजलेला अभ्यास २०१० चा, नव्वद रुग्णांचा. आठ वर्षांपासून पुढच्यांना घेणार असं त्यात लिहिलेलं होतं, पण भरणा प्रौढांचाच. दीड वर्षानंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात सहा मिनिटांत चालल्या जाणाऱ्या अंतरात फरक पडला तो सरासरी अठ्ठावीस मीटरचा.

अठ्ठावीस मीटर म्हणजे किती, हे मला आमच्या मंगल कार्यालयामुळं कळतं.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला तीस मीटरची सरळ, सपाट जागा लागते. माझ्या क्लिनिकात कुठली? गल्लीच्या तोंडाला एक मंगल कार्यालय आहे, त्याचा जेवणघराच्या बाजूचा व्हरांडा टेप लावून मोजला तर तीस भरला. मालक म्हणाले, "मुहूर्त नसंल त्या दिवशी खुशाल घ्या." दोन टोकांना प्लास्टिकचे शंकू ठेवायचे, पोरानं जायचं, वळायचं, यायचं. पळायचं नाही. दमला तर भिंतीला टेकून थांबायचं, घड्याळ मात्र थांबत नाही. चाचणी घेणाऱ्यानं काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. दर मिनिटाला एकच, सपाट सुरातलं वाक्य: छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत. उत्साहानं ओरडायचं नाही, कारण ओरडण्यानं अंतर वाढतं आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही. हे आबांना समजावणं ही माझ्या व्यवसायातली एक मोठी कामगिरी. खासबाग मैदानात जन्म घालवलेला माणूस, त्याला सांगायचं की नातू समोरून येतोय आणि तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा ते "चल रं वाघा" म्हणालेच. मी ती चाचणी बाद केली. आठवडाभर आबा माझ्याशी बोलले नाहीत.

पोरगा चालतो तेव्हा मी पायांकडं कमी आणि कमरेकडं जास्त बघते. पाय टाकताना कंबर एका बाजूनं खाली जाते, पोट पुढं येतं, खांदे मागं जातात. चौथ्या मिनिटाला डावा हात आपसूक मांडीवर जातो. आत जेवणघरात आचारी उद्याच्या लग्नाच्या तांबड्या रश्श्याचं वाटण भाजत असतो, त्या वासानं पोराचं लक्ष जातं, मग वळताना शंकू पाडतो. पहिल्यांदा, औषध सुरू व्हायच्या आधी, तीनशे मीटरच्या थोडं वर गेला होता. औषध सुरू झाल्यावर वर्षभरात जवळजवळ तीन व्हरांडे जास्त. म्हणजे अभ्यासातल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यानंतरच्या चाचण्यांत आकडा तिथंच आहे. कधी पाच-दहा मीटर इकडं, कधी तिकडं. शंकू पडला की तिकडं.

बाप हे सगळं एका वहीत लिहितो. दूध संस्थेच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेत: तारीख, अंतर, बसून श्वास, झोपून श्वास, शेरा. त्याला पहिल्या वर्षी वाटलं होतं की वाढ अशीच चालू राहणार. दुसऱ्या वर्षी आकडा थबकला तेव्हा तो वही मिटून म्हणाला, "म्याडम, औषध लागू पडायचं थांबलं व्हय?"

मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला बराच वेळ लागतो, आणि ते नातेवाइकांना दरवेळी नव्यानं द्यावं लागतं, कारण बाकी सगळे एकच विचारतात: बरा झाला का? या आजारात तो प्रश्नच गैरलागू आहे. विकर बाहेरून दिलं म्हणून जनुक बदलत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावंच लागतं. फुटून गेलेली, चरबी आणि तंतूंनी भरलेली स्नायूपेशी माघारी येत नाही. जी अजून शाबूत आहे, ती वाचवायची. सुरुवातीची वाढ ही दबून बसलेल्या पेशींना मोकळं झाल्यासारखं झालं म्हणून. त्यानंतर जे दिसतं ते राखणं. मोठ्यांच्या दीर्घ अभ्यासांत तर काही वर्षांनी आकडे हळूहळू पुन्हा उतरायला लागतात, फक्त औषधाविना उतरले असते त्यापेक्षा फार सावकाश. मुलांचं चित्र बरं आहे. हॉलंडमध्येच पाच मुलांना तीन वर्षं औषध देऊन केलेला अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात मुलांची ताकद आणि चाल दोन्ही सुधारली. आणि तैवानमध्ये २००५ पासून नवजात बाळांच्या रक्तावरच ही चाचणी करतात. तिथं जन्मानंतर काही दिवसांतच औषध मिळालेली बाळं वेळेवर चालायला लागली. आपल्याकडं बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ही चाचणी सरसकट होत नाही. तेव्हा बापाला मी सांगितलं की वहीतला हा सपाट रकाना म्हणजेच निकाल आहे, आणि चांगला निकाल आहे. यकृताच्या औषधात गेलेली ती दोन वर्षं त्या रकान्यात नाहीत, पण असती तर कदाचित रेघ आणखी वर सपाट झाली असती. हे शेवटचं मी त्याला बोलले नाही. त्यानं स्वतःच काढलं ते.

श्वासाची गोष्ट वेगळी, आणि मला तिचीच जास्त धास्ती. या आजारात छाती आणि पोट यांच्यामधला पडदा लवकर कमजोर होतो. बसलेला माणूस नीट श्वास घेतो, उताणा झोपला की पोटातली आतडी त्या पडद्यावर रेलतात आणि श्वास आखूड पडतो. म्हणून फुंकायची चाचणी दोनदा घ्यायची, बसून आणि झोपून. दोन्ही आकड्यांतली दरी हीच खरी बातमी. सकाळी डोकं दुखतंय का, शाळेत पेंगतोय का, रात्री कुशी बदलत राहतो का, हे मी आईला विचारते, कारण वहीत हे येत नाही. चालणं सुधारतं त्या मानानं श्वास फारसा सुधारत नाही, तो टिकतो. त्या नव्वद जणांच्या अभ्यासातही तसंच होतं. औषध न घेणाऱ्यांचा श्वास उतरत गेला, घेणाऱ्यांचा साधारण जागेवर राहिला.

औषधाचा दिवस दर पंधरवड्याला. सुरुवातीला महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर मुंबईत, रात्री तीच गाडी. मग कोल्हापुरातल्याच एका बालरुग्णालयानं तयारी दाखवली आणि औषध इथं यायला लागलं, बर्फाच्या पेटीतून, दोन ते आठ अंश तापमानात. त्या पेटीचा ताबा बापानं पहिल्याच दिवशी आपल्याकडं घेतला. साखळी तुटली की माल गेला, हे दुधातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. सिस्टर प्रत्येक बाटलीत काचेच्या कडेनं पाणी सोडतात, थेट पावडरवर नाही. मग बाटली हलवायची नाही, तळहातावर धरून नुसती तिरकी करत फिरवायची, फेस येता कामा नये. फेस आला की प्रथिन खराब होतं. एकेक बाटली अशी. बाप त्यांच्या हाताकडं टक लावून बघत होता. नंतर ते सगळं सलाइनच्या पिशवीत आणि नळीला बारीक गाळणी. पहिल्या अर्ध्या तासात अगदी थेंब थेंब, कारण अंगावर पित्त उठू शकतं, श्वास अडकू शकतो. तेव्हा सिस्टर जागची हलत नाहीत. मग वेग वाढवत चारेक तास. पोरगा तेवढ्यात मोबाइलवर कुस्त्या बघतो.

एवढं औषध का लागतं, हेही सांगण्यासारखं आहे. पेशीत शिरायला या विकराला एक दार लागतं आणि स्नायूंच्या पेशींवर अशी दारं कमी. त्यामुळं दिलेल्यातला बराचसा भाग यकृतच गिळतं आणि स्नायूपर्यंत पोचतो तो थोडाच. यकृताला मुळात गरज नव्हती. आमच्या पोराच्या बाबतीत यकृत प्रत्येक वेळी मधे येतं. २०२१ मध्ये अमेरिकेत एका सुधारित विकराला मान्यता मिळाली, त्याला दार उघडायच्या किल्ल्या जास्त लावल्यात असं म्हणू. तेही दर पंधरवड्यालाच.

व्यायामावरून आबांचं आणि माझं पहिलं वर्ष भांडणात गेलं. त्यांचं म्हणणं, ताकद नाही तर ताकद कमवायची, दंड-बैठका मारायच्या, पोरगं तालमीच्या मातीत लोळलं पाहिजे. माझं म्हणणं, जो स्नायू आधीच फाटतोय त्याला थकवून मारायचं नाही. सपाटीवर चालणं, हलकी सायकल, पोहणं, दम लागायच्या आत थांबणं. बैठक तर अजिबात नाही. शेवटी तह झाला तो खुराकावर. या आजारात प्रथिनं भरपूर द्यावीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे दूध, अंडी, डाळी, मटण. हे ऐकल्यावर आबांचा चेहरा उजळला. तालमीतलं शास्त्र अगदीच वाया गेलं नव्हतं. तेव्हापासून बदाम घालून दूध, दोन वेळा अंडी, आणि ते पोराच्या समोर बसून संपवून घेणं ही जबाबदारी त्यांची.

घरात एक माणूस या सगळ्यात फार कमी बोलतं. आजी. पोराची आई ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्याकडं मामाची पोरगी करणं म्हणजे घरचंच घरात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि हे लग्न आजीनंच हट्टानं जमवलेलं. आजाराचं दोषी जनुक आई-बाप दोघांकडूनही यावं लागतं, एकाकडून आलं तर माणूस ठणठणीत राहतो. आणि रक्तातल्या नात्यात तेच जनुक दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता. भावकीत कुणीतरी "सुनेच्या घराण्यातलं आलंय" असं म्हणालं. आता सुनेचं घराणं म्हणजे आजीचंच माहेर. जनुक निम्मं मुलाकडून, निम्मं सुनेकडून, आणि अजिबात नात्यात नसलेल्या जोडप्यांच्या मुलांनाही हा आजार होतो, हे मी आजीला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिनं फक्त विचारलं, "धाकटीचं तपासलं न्हवं?" धाकट्या बहिणीचं तपासलं होतं. तिच्यात विकर पुरेसं आहे. पुढं तिचं लग्न ठरवताना मामाकडं बघायचं नाही एवढं आजीनं मनाशी ठरवलंय, असा माझा अंदाज.

आणि पैसा. २०२१ साली केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यात पॉम्पे अशा गटात आहे, ज्यावर औषध आहे पण ते अफाट महाग आणि जन्मभराचं. नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून, मुंबईचं केईएम त्यांतलं एक, एका रुग्णामागं पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते. कुठल्याही साध्या घराला पन्नास लाख म्हणजे सात पिढ्यांचा आकडा. पण ही मर्यादा दरवर्षीची नाही, एकूण आहे, आणि औषध वजनावर चालतं. किलोला वीस मिलिग्रॅम, बाटली पन्नास मिलिग्रॅमची. पोरगा वाढला की बाटल्या वाढतात आणि पन्नास लाख आहेत तिथंच राहतात. मर्यादा संपली म्हणून औषध थांबलेल्या रुग्णांचे खटले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयानं दुर्मीळ आजारांसाठी वेगळा राष्ट्रीय निधी उभारा आणि दोन वर्षांसाठी ९७४ कोटी द्या असा आदेश दिला. आदेश आणि शीतपेटीत आलेली बाटली यांच्यात किती खुर्च्या असतात, हे सरकारी दवाखान्यात पाय ठेवलेल्या कुणालाही सांगायला नको. मला विचाराल तर, जे औषध जन्मभर द्यायचं त्याला एकरकमी मर्यादा घालण्यात तर्क नाही. पहिल्या वर्षात कमावलेले तीन व्हरांडे औषध थांबल्यावर परत जाणार, हे माहीत असताना मोजून दिलेली मदत.

परवा सहामाही अहवाल द्यायचा होता. अंतर, श्वास, पायऱ्या चढायला लागलेला वेळ, आणि सगळ्यात वर वजन. पोरगा काट्यावर उभा राहिला. सत्तावीस किलो नऊशे. बापानं वहीत मान घालून पटकन हिशेब केला. सत्तावीस नऊशे म्हणजे पाचशे अठ्ठावन्न मिलिग्रॅम, म्हणजे बारा बाटल्या. साडेसत्तावीस असतं तर पाचशे पन्नास, अकरात बसलं असतं. वर्षाला सव्वीस वेळा, सव्वीस बाटल्या.

"म्याडम," तो हळू आवाजात म्हणाला, "साडेसत्तावीसच लिवा की. चारशे ग्रॅमनं काय हुतंय? कपड्याचंच आसंल."

मी म्हटलं, "भाऊ, पुढच्या वेळी अठ्ठावीस होईल, तेव्हा काय लिहायचं? डोस कमी पडून चालणार नाही."

त्यानं मान हलवली. त्याला माहीत होतंच. मी सत्तावीस नऊशे लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाहेर बाकावर आबा बसले होते. पोरानं जाऊन त्यांना आकडा सांगितला, तसे ते उठून आत आले, वहीतला मागचा रकाना स्वतः बघितला आणि लेकाला म्हणाले, "बग, दोन किलोनं वाढलाय. तू म्हंत हुतास, अंडी कशाला दोन दोन."

बापानं वही पिशवीत घातली. "वाढवा आबा," तो म्हणाला, "वाढवा. मी बगतो बाटल्यांचं."